झडतीसाठी शिकलेला शेअर बाजार

वासुदेवराव आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते चपला बाहेर काढून. शेअर ब्रोकरची शाखा म्हणजे देऊळ नव्हे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं, मग टीव्हीखाली माना वर करून बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं कसं बे परफुल्या. सारे त् नवस बोलूनच बसून राह्यले."

ऑफिस वर्ध्यात, औषधाच्या दुकानाच्या वर. लोकांची खाती उघडून देणं, 'लांब पल्ल्यात बाजार वरच जातो' असं सांगणं आणि बाजार खाली गेला की त्यांना पाणी आणून देणं, हे माझं काम. राहायला मी गावातच. पवनारच्या पुढे, मेन रोड सोडून आत. वासुदेवराव आमच्या मागच्या गल्लीतले. कपाशी आणि तूर लावणारा माणूस. गावात आता ट्रॅक्टरांची गर्दी झाली तरी त्यांच्या दारात अजून बैलजोडी उभी आहे. तिच्यावरून मनकर्णाकाकू त्यांना रोज एकदा तरी बोलतात.

"काकाजी, खातं उघडायचं का?" मी विचारलं.

"नाई. मले शेअर बाजार शिकव."

"खातं नाही उघडायचं तर शिकून काय करता?"

"शिव्या द्यायच्या हायेत त्याले. समजल्याशिवाय कशा देऊ?"

हे उत्तर ऐकून आमच्या ऑफिसातल्या सुरभी मॅडमनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. इतका प्रामाणिक गुंतवणूकदार त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

शिव्या म्हणजे झडती, हे मला लगेच कळलं. विदर्भाबाहेरच्यांना सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी गावातल्या बैलजोड्या चौकात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या करतात. तोरण तुटून बैल सुटले की पोळा फुटला म्हणायचं. पण त्याआधी झडत्या होतात. एका बाजूचा माणूस हात वर करून चार-सहा ओळी म्हणतो. त्यात सरकार, भाव, सोसायटी, शेजारी, जे हाताला लागेल त्याची सालं काढतो आणि शेवटी 'हर बोला हर हर महादेव' म्हणतो. मग समोरच्या बाजूने उत्तर यायला हवं, तेही यमकात. झडतीतलं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. बैल घरी गेले की झडतीही संपली. पोळा फुटतो तेव्हा ज्याची झडती शेवटची, तो त्या वर्षीचा राजा. राजाला मिळत काही नाही, त्यामुळे चढाओढ फार.

आमच्या गावात एका बाजूला वासुदेवराव असायचे आणि दुसऱ्या बाजूला तानबा. मी लहान असल्यापासून हेच पाहिलं. तानबाकाकाजी सडसडीत, आवाज बारीक, पण डोकं तिखट. वासुदेवरावांचा आवाज चौकाच्या पार जायचा, तानबाची ओळ मात्र घरी पोचायची. आम्ही पोरं ती आठवडाभर शाळेत म्हणायचो आणि मास्तरांचा मार खायचो.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि तानबाचा मुलगा कैलास सरपंचपदाला उभा राहिला. कैलासचं गावात कृषी केंद्र आहे. त्याने बस थांब्यावर शेड बांधून देण्याचं वचन दिलं. आमच्या गावात बस येत नाही. असा विषय वासुदेवरावांनी सोडला असता तर ते वासुदेवराव कसले. पोळ्याला त्यांनी बिनबसच्या थांब्यावर झडती म्हटली, लोक हसून बैलांच्या अंगावर पडले, तानबाही हसला, त्याने उत्तरही दिलं. जुन्या हिशेबाने गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण कुणीतरी ती मोबाईलवर घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून ती झडती तालुकाभर फिरायला लागली. तानबाचं उत्तर त्यात नव्हतं, तेवढा भाग कापलेला. कैलास थोडक्यात पडला.

तानबा भांडला नाही. वासुदेवरावांच्या दारात येऊन एवढंच म्हणाला, "वासुदेवा, तोरनाखालचं तोरनाखाली राह्यलं नाई." तेव्हापासून त्याने झडती सोडली. पुढच्या वर्षी बैल विकले आणि कैलासने दिलेल्या मोबाईलवर तो शेअर बाजारात पडला. आता दिवसभर ओट्यावर बसून बोट फिरवतो. वासुदेवरावांशी रामराम आहे, पण त्यापुढे काही नाही.

वासुदेवरावांनी सगळे उपाय करून पाहिले. दर पोळ्याला त्यांनी तानबाला चिडवलं. त्याच्या मिशीवर झडती केली, त्याने विकलेल्या बैलांवर केली, त्याच्या सासुरवाडीवर केली. लोक हसायचे. समोरून उत्तर काही यायचं नाही. "भिताडावर चेंडू मारला त् परत येते," ते मला म्हणाले. "हा त् भिताडाच्या बी वर निंघाला. आता त्याले बाजाराशिवाय कायचंच सोयरसुतक नाई. म्हनून म्या ठरवलं, त्याच्या बाजारातच घुसतो. तिथं त्याले उत्तर द्यावंच लागन."

एका झडतीच्या उत्तरासाठी माणूस शेअर बाजार शिकायला निघाला, हे मला इतकं नवलाचं वाटलं की मी हो म्हटलं.

शिकवणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्याच दिवशी ते आमच्या काउंटरवरच्या पितळी बैलापाशी अडकले. बाजार वर जाणार याची ती खूण आहे, असं मी सांगितलं. त्यांनी तो बैल उचलला, उलटा केला, बारकाईने पाहिला.

"हा बैल नोहे. सांड आहे."

"एकच आहे, काकाजी."

"एकच कसा? याच्या मानेवर कधी जू पडलं नाई. बैल काम करते, सांड दुसऱ्याच्या वावरात चरते." त्यांनी तो जागेवर ठेवला. "मंग तुमच्या बाजारात नांगर कोन ओढते?"

याचं उत्तर बी.कॉम.ला नव्हतं. सुरभी मॅडम म्हणाल्या, "आम्ही." तेव्हापासून वासुदेवराव सुरभी मॅडमना फार मान देऊ लागले.

पेरण्या आटोपल्यावर ते आठवड्यातून एखाद-दोनदा येऊ लागले. शिकण्यापेक्षा त्यांना ग्राहकांनाच विचारण्यात जास्त गोडी. एका निवृत्त मास्तरांना त्यांनी विचारलं, ही कंपनी तुम्ही घेतली, ती काय बनवते? मास्तरांना माहीत नव्हतं. वासुदेवराव हसले नाहीत, उलट जवळ सरकून बसले आणि खऱ्या कुतूहलाने विचारलं, "न पाहता घेतली? आमी बैल घेतो त् दात मोजतो. तुमी कायचा दात मोजता?" मास्तरांनी आलेख दाखवला. वासुदेवरावांना आलेख आवडला. त्यात त्यांना सातपुडा दिसला. बाजार पडला त्या दिवशी मात्र ते खूश झाले नाहीत. मला वाटलं होतं, होतील. संध्याकाळी जिना उतरताना म्हणाले, "लोकं किती चूप बसले होते रे. कापसाचा भाव पडला त् आमी निदान शिव्या त् देतो. येथं शिव्या कोनाले द्याव, हेच यायले ठाव नाई."

आमचा बाजार आठवड्यातले पाच दिवस भरतो, याचंही त्यांना नवल वाटे. आमच्या गावचा बाजार गुरुवारचा, गावच्या बोलीत बेस्तरवारचा. गुरुवारी भाजी, गुरुवारी दाढी, गुरुवारीच उधारीचे तगादे. "पाच दिस बाजार असल त् मानूस घरी कवा राह्यते?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ऑप्शन समजावून सांगत होतो. ऑप्शन म्हणजे भाव इथवर जाईल की नाही याची बोली. आठवड्यातून एका दिवशी तिचा निकाल लागतो, आधी तो गुरुवारी लागायचा, आता मंगळवारी. तानबा हेच खेळतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. वासुदेवरावांनी मान हलवली. समजलं का विचारलं तर म्हणाले, "समजलं. जुगार हाये. फक्त त्याले पावती हाये."

एके दिवशी चहा पिताना मी त्यांना म्हटलं, काकाजी, एवढं कशाला? झडती आता संपतच चालली आहे. गेल्या वर्षी चौकात डीजे होता, बैलांच्या वर फ्लेक्स होता, फ्लेक्सवर इतके चेहरे की जोडी कुणाची आणि सौजन्य कुणाचं हे कळत नव्हतं. पहिल्या जोडीला बक्षीस म्हणून कूलर दिला. बैलाला कूलर.

ते हसले. "डीजेचं मले काई नाई. माहा बाप म्हने, हा वासुदेव झडतीले उभा राह्यला अन् झडतीची माती झाली. त्याचा बाप त्यालेबी तेच म्हने असंन." मग म्हणाले, "कठीन राजकारनाचं झालं. पहिले एखाद्याच्या पक्षावर झडती केली त् पाच वर्सं चाले. आता यमक जुयेपर्यंत तो मानूस दुसऱ्या पक्षात. म्या मांगच्या साली दोन झडत्या अशाच फेकून देल्या. बाजाराचं बरं हाये, तो निदान रोज सांगते कुठं गेला."

"म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास नाही झाला?"

"झाला ना. पन तो डीजेनं नाई झाला. उत्तर देनारा गेला की होते. एकट्यानं झडती म्हनली त् ते भाषन होते. भाषनं काय कमी हायेत?"

मला हे बोलणं पटलं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. पण त्या संध्याकाळी गावात परतल्यावर मी मुद्दाम तानबाच्या ओट्यावरून गाडी नेली आणि थांबलो. तो चष्मा नाकावर आणून स्क्रीन बघत होता.

"तानबाकाकाजी, वासुदेवकाकाजी आमच्या ऑफिसात येतात आजकाल."

"ठाव हाये."

"बाजार शिकून राह्यले."

"शिकू दे." त्याने बोट फिरवलं. मग वर न बघता विचारलं, "कुठवर आला?"

"ऑप्शनपर्यंत."

"त्याले जमनार नाई," तानबा म्हणाला. "त्याचा आवाज मोठा हाये. बाजारात चूप राहा लागते." आणि मी निघता निघता, "कोनं पाठवलं तुले?" कुणी नाही, असं मी म्हणालो. त्याला खरं वाटलं नसावं.

मनकर्णाकाकूंचं मत वेगळंच होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, त्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप लावत होत्या आणि वासुदेवराव गोठ्यातच झडती घोकत फिरत होते. "परफुल, यायले सांग," काकू म्हणाल्या. "दोन घरं टाकून तानबाभाऊचा ओटा. जाऊन म्हना, भाऊ, त्या साली चुकलं. त्याच्यासाठी मुंबईचा बाजार कायले शिका लागते?"

"काय चुकलं माहं?" वासुदेवराव थांबले. "म्या मोबाईल धरला होता? झडतीसाठी माफी मांगतली त् उद्या कोन झडती म्हनन?"

"मंग बसा घोकत."

"बसतोच."

मला दोघांचंही बरोबर वाटलं आणि मी चहा घेऊन निघालो.

पोळ्याला चौक भरला होता. जोड्या गेल्या वर्षीपेक्षा कमी, माणसं जास्त. फ्लेक्स होता, डीजे होता, पण झडतीपुरता तो बंद करायचा हे कमिटीने मान्य केलं होतं. कमिटीत कैलासही होता. तो फ्लेक्सखाली मोबाईल घेऊन उभा. तानबा बैलांशिवाय आलेला, सगळ्यांच्या मागे, पीठगिरणीच्या भिंतीला टेकून. वासुदेवरावांची जोडी तोरणाखाली पहिल्या रांगेत, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. त्यांचा स्वतःचा फेटा मात्र एका कानावर आलेला.

आधी त्यांनी कापसाची झडती म्हटली, मग खड्ड्यांची. लोक हसले. समोरची बाजू रिकामीच. समोर उभं राहायचं ते तानबाने, आणि तो भिंतीला टेकलेला. दोन-तीन पोरांनी उगाच आवाज दिले, पण ओळ कुणालाच सुचली नाही. मग वासुदेवरावांनी फेटा सारखा केला, हात वर केला आणि पेरण्या आटोपल्यापासून घासलेली ती झडती काढली. ती इथे देतो, त्यांची परवानगी आहे:

सुपली रे सुपली, बांबूची सुपली,
तानबाच्या खिशात कंपनी लपली.
बैल ना बंडी, वावर ना वाडी,
बोटानं ओढते हवेची गाडी.
बुधवारच्या राजाचा बेस्तरवारी निकाल,
शुक्रवारी पाहा मंग राजाचे हाल.
हर बोला हर हर महादेव.

'महादेव' मोठा उठला. पण मला लोकांचे चेहरे दिसत होते. त्यांना बोली कळली नव्हती, निकाल कळला नव्हता. ज्याला कळणार होतं तो एकच माणूस, आणि तो मोबाईलकडे बघत होता. वासुदेवरावांचा हात अजून वरच होता. बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. तोरण तोडायचा मान पाटलांचा, त्यांच्या घरचे लोक तोरणाकडे सरकायला लागले. पोळा फोडायची वेळ झाली होती. वासुदेवरावांनी हात खाली आणला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गिरणीकडून बारीक आवाज आला.

"मंगळवार."

सगळे वळले.

"निकाल मंगळवारी असते," तानबा म्हणाला. "बेस्तरवार कवाचा गेला. साल उलटून गेलं. ठाव नसल त् मानसानं बोलू नाई."

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. मी मंगळवार सांगितला होता, एकदा नाही, अनेकदा. पण वासुदेवरावांच्या जिभेवर बाजार म्हणजे गुरुवार. आयुष्यभर भाजी, दाढी आणि तगादे गुरुवारी केलेला माणूस मुंबईच्या बाजाराचाही निकाल गुरुवारीच लावून मोकळा झाला होता. इतके दिवस घासलेल्या झडतीत तेवढीच एक चूक, आणि तानबाला सहन झाली नाही तीही तेवढीच. मिशीवर, बैलांवर, सासुरवाडीवर जो माणूस बोलला नाही, तो वारावर बोलला.

वासुदेवराव आधी लालबुंद झाले. माझ्याकडे असं बघितलं की मी एका जोडीमागे सरकलो. पण मग त्यांना उमगलं असावं, कारण त्यांनी पुन्हा हात वर केला, या वेळी तानबाच्या दिशेने, आणि म्हणाले, "तोरनाखाली साधं बोलता येत नाई, तानबा. बोलला हायेस त् यमकात बोल."

"येतो न," तानबा म्हणाला. "भेतो का तुले."

माणसं बाजूला झाली. तानबा समोरच्या रिकाम्या बाजूला येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी. सगळ्या चौकाचे मोबाईल एकदम वर गेले. त्याने ते पाहिलं आणि हात वर केलाच नाही. म्हणाला, "हे खिशात टाका अगोदर." निम्मे खाली आले, निम्मे थोडे खाली येऊन थांबले. "सारे," तो म्हणाला. मग फ्लेक्सखाली बघून, "कैलास, तूबी." कैलासने इकडे-तिकडे पाहिलं, मोबाईल खिशात घातला आणि हाताची घडी घातली. मग बाकीच्यांनाही दुसरा इलाज उरला नाही.

तानबाने झडती म्हटली. त्यात मंगळवार होता, आमचं ऑफिस होतं, पितळेचा तो सांड होता. तो त्याला कुठून कळला, देव जाणे. एका यमकासाठी माझं नावही कामी आलं, कसं ते विचारू नका. शेवटच्या दोन ओळी बिनबसच्या थांब्याबद्दल होत्या. त्या अशा होत्या की कैलास हाताची घडी सोडून हसला आणि वासुदेवराव बैलाच्या पाठीवर डोकं ठेवून हसले. ते हसता हसताच उत्तर जुळवत होते. ओठ हलताना मी पाहिले. पण पाटलांच्या जोडीने मान झटकली, तोरण तुटलं, बैल सुटले आणि पोळा फुटला. शेवटची झडती तानबाची. राजा तानबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना पाहिलं तर तानबाच्या ओट्यावर दोघं. भांडण रंगात आलेलं.

"तुहा 'महादेव' पुरा व्हायच्या अगोदर तोरन तुटलं. ते धरल्या जात नाई."

"पुरा झाला होता. तू हासत होता, तुले आयकू आला नाई."

"म्या मुद्दाम बेस्तरवार म्हनलो, तुले बाहीर काढ्याले."

"मुद्दाम?" तानबाने माझ्याकडे पाहिलं. "परफुल, मुद्दाम म्हनला का हा?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. बाजार उघडायला वेळ होता, पण मी उशीर झाल्याचं सांगून गाडी काढली. तानबाचा मोबाईल ओट्यावर पालथा पडलेला होता.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी वासुदेवरावांना विचारलं, दोन्ही झडत्या घालू का?

"माही घाल. चुकीचा वार हाये तसाच ठेव, हारलो तेबी लिही. त्याची नको घालू."

"मग वाचणाऱ्याला कसं कळेल काकाजी, उत्तर काय होतं ते?"

"नाई कळत त् नाई कळत," वासुदेवराव बैलाला पाणी दाखवत म्हणाले. "ज्याले आयकाची असल तो येईन पोळ्याले."